विकतच्या साक्षीचें प्रामाण्य

न्यायकचेरींत साक्षीदाराची उलटतपासणी करण्याचें काम, ज्याला ती साक्ष गैरसोयीची असते त्याच पक्षाच्या वकिलाकडे असतें. ही व्यवस्था ज्या कोणीं प्रथम बसविली त्याला मनुष्यस्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. आपल्या बाजूनें बोलणाऱ्या माणसाला अडचणीचे प्रश्न विचारण्याची हौस कोणालाहि नसते; आणि असली तरी ते प्रश्न नेमके कोठें बोचतील हें शोधण्यास जी निकड लागते ती त्याच्या अंगीं नसते. म्हणून कायद्यानें ती निकड प्रतिपक्षाकडून उसनी घेतली. आतां अशी एक कचेरी कल्पावी कीं, तेथें वादी एकटाच आहे. साक्षीदार त्यानेंच पैसे मोजून बाजारांतून आणला आहे. प्रतिवादी हजर नाहीं, कारण तो कोण हें अजून कोणासच ठाऊक नाहीं. आणि न्यायासनावरहि तोच वादी बसलेला आहे. अशा ठिकाणीं सत्याचा निर्णय होईल अशी आशा आपण कितपत धरूं? तथापि आधुनिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा ही बव्हंशीं अशीच कचेरी आहे, आणि तिच्यांतून बाहेर पडणाऱ्या निकालांवर आपण औषधें घेतों, शस्त्रक्रिया करवितों व आपल्या माणसांच्या आयुष्याचे अंदाज बांधतों. तेव्हां तेथील साक्षीदार कोण, त्याची योग्यता काय आणि त्याजवर विश्वास ठेवण्याचा अधिकार संशोधकास केव्हां प्राप्त होतो, हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या घरगुती कामकाजाचा नाहीं. तो नीतीचा प्रश्न आहे, व म्हणूनच त्याची चर्चा एका वाङ्मयीन मासिकांत करण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

प्रथम त्या साक्षीदाराचा परिचय करून दिला पाहिजे. आपल्या शरीरांतील प्रत्येक पेशींत अन्नाचें रूपांतर शक्तींत व शक्तीचें रूपांतर कामांत अहोरात्र चाललेलें असतें. हा व्यवहार घडवून आणणाऱ्या द्रव्यांस विकर किंवा एन्झाइम म्हणतात. १८९७ सालीं जर्मनींत एडुआर्ड बुखनर यानें यीस्टच्या पेशी चिरडून त्यांचा रस काढला आणि त्या निर्जीव रसानेंहि साखरेची दारू होते असें दाखविलें. १९२६ सालीं अमेरिकेंत जेम्स सम्नर यानें युरीएझ नांवाचें विकर स्फटिकरूपानें वेगळें काढून तें प्रथिन असल्याचें सिद्ध केलें. तेव्हांपासून विकर ही एक गूढ शक्ति न राहतां एक वस्तु झाली. पण वस्तु झाली तरी ती दिसेना. एकेका पेशींत हजारों प्रकारचीं प्रथिनें एकमेकांत मिसळलेलीं. त्यांतील अमुक एक विकर येथें आहे कीं नाहीं, आणि असल्यास किती, हें डोळ्यांनीं पाहण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग अनपेक्षित बाजूनें उघडला. १८९० सालीं बेरिंग व किटासाटो यांनीं बर्लिन येथें असें दाखविलें कीं, धनुर्वाताचें विष बेतानें टोचून ज्या प्राण्याला त्या रोगापासून अभय मिळालें त्याच्या रक्तांत तें विष निष्प्रभ करणारें कांहीं द्रव्य उत्पन्न झालेलें असतें. शरीराला परकें वाटणारें प्रथिन आंत शिरलें म्हणजे त्याला नेमकें चिकटणारें प्रतिपिंड रक्तांत तयार होतें. सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून काढलेली जी लस टोचतात ती याच तत्त्वावर बनविलेली असते. मग जें निसर्गानें संरक्षणासाठीं निर्माण केलें तेंच शोधासाठीं कां वापरूं नये? मनुष्याचें एखादें विकर सशाला टोचावें. सशाच्या रक्तांत त्या विकराला ओळखणारें प्रतिपिंड तयार झालें म्हणजे तें काढून घ्यावें. त्याला रंगाची खूण बांधून तें रोग्याच्या मांसाच्या पातळ चकतीवर सोडावें. जेथें विकर असेल तेथें खूण उमटेल. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोह्लर व मिलस्टाइन यांनीं उंदराच्या पेशी अमर करून त्यांच्याकडून एकाच जातीचें प्रतिपिंड हवें तितकें करून घेण्याची युक्ति काढली, व १९८४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज अशा प्रतिपिंडांचा जगभर मोठा बाजार आहे. बोटाच्या पेराएवढी कुपी, आंत चारदोन थेंब, वर विकराचें नांव छापलेलें. किंमत मात्र एखाद्या कारकुनाचा महिन्याचा पगार गिळील अशी.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संशोधक जें पाहतो तें विकर नव्हे. तो एक तपकिरी डाग पाहतो. पहिलें प्रतिपिंड विकराला चिकटलें असें तो मानतो. त्या प्रतिपिंडाला दुसऱ्या प्राण्याच्या रक्तांतलें दुसरें प्रतिपिंड चिकटलें. आणि त्या दुसऱ्याला, मोहरीच्या कुळांतील हॉर्सरॅडिश नांवाच्या एका झणझणीत मुळांतून काढलेलें निराळेंच विकर जोडलेलें आहे, तें एका रंगहीन द्रव्यापासून तपकिरी रंग करतें. एका विकराचा पत्ता लावण्यासाठीं दुसऱ्या विकराच्या हातीं दिवटी दिली असाच हा प्रकार आहे. नैयायिकांच्या भाषेंत बोलावयाचें तर हें प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. पर्वतावर धूर दिसला म्हणून तेथें अग्नि मानण्यासारखें. पण धुराच्या बाबतींत निदान स्वयंपाकघरांत धूर व अग्नि यांचें साहचर्य आपण रोज पाहिलेलें असतें. येथें व्याप्तीला आधार काय? तर कुपीवरील नांव. म्हणजे अनुमानाच्या पोटांत पुन्हां शब्दप्रमाण, आणि तो शब्द आप्ताचा नव्हे, विक्रेत्याचा. न्यायशास्त्राची परिभाषा आम्ही येथें योजतों ती सोयीची आहे म्हणून. आमच्या ऋषींस प्रयोगशाळा ठाऊक होत्या असें सुचविण्याचा मोह आम्हांस होत नाहीं. ज्यांस होतो त्यांनीं तो आवरावा.

सर्वच साक्षीदार खोटे असतात असें मात्र नाहीं, आणि चांगल्याची ओळख पटल्याशिवाय वाईटाचा वाईटपणाहि कळत नाहीं. म्हणून एका उत्तम साक्षीदाराची हकीकत आधीं सांगतों. आयसोसिट्रेट डीहायड्रोजनेझ हें पेशीच्या नित्याच्या व्यवहारांतलें एक साधें, कष्टाळू विकर आहे. त्याचा जो पहिला प्रकार, तो ४१४ ॲमिनो अम्लांच्या मण्यांची एक माळ असतो. पाठ्यपुस्तकांबाहेर त्याची कोणी फारशी चौकशी करीत नसे. २००८ सालीं अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं मेंदूच्या सर्वांत घातक अर्बुदाच्या २२ नमुन्यांतील वीस हजारांहून अधिक जनुकें वाचून काढलीं, तेव्हां कांहीं रोग्यांत, विशेषतः तरुण रोग्यांत, या माळेंतील १३२ वा मणि बदललेला आढळला. त्या जागीं आर्जिनिन असावयाचें, तेथें बहुधा हिस्टिडिन बसलेलें. एवढ्या एका मण्याच्या फेरानें विकराचा स्वभाव पालटतो, व नेहमींचें काम सोडून तें एक भलतेंच अम्ल तयार करूं लागतें, हें २००९ सालीं उघडकीस आलें. त्याच वर्षीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें आंद्रेआस फॉन डाइमलिंग व त्यांचे सहकारी यांनीं, बदललेला मणि असलेला माळेचा एक लहानसा तुकडा कृत्रिम रीतीनें घडवून उंदरांस टोचला, आणि असें एक प्रतिपिंड मिळविलें कीं, तें बदललेल्या विकराला चिकटतें व न बदललेल्याला शिवत नाहीं. चारशें चौदा मण्यांपैकीं एकाचा फरक ओळखणारा हा साक्षीदार! मेंदूच्या निरोगी भागांत एकटीदुकटी शिरलेली अर्बुदाची पेशीहि तो तपकिरी करून दाखवितो.

या फरकाला रोग्याच्या दृष्टीनें केवढें महत्त्व आहे हें सांगितलें पाहिजे. ज्यांच्या अर्बुदांत हा बदल असतो ते रोगी, तो नसलेल्यांपेक्षां पुष्कळ अधिक काळ जगतात. २०१६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें मेंदूच्या अर्बुदांच्या वर्गीकरणांत या बदलाला प्रमुख स्थान दिलें. आणि २०२४ सालीं अशा बदललेल्या विकराला आवर घालणारें व्होरासिडेनिब नांवाचें औषध, हळू वाढणाऱ्या अर्बुदांसाठीं, अमेरिकेंत मंजूर झालें. कांचेच्या पट्टीवर तपकिरी रंग उमटला कीं नाहीं, यावर आज रोग्याला कोणतें औषध मिळावयाचें आणि घरच्या माणसांनीं मनाशीं किती वर्षांचा हिशेब करावयाचा, हें ठरतें. आणि या साक्षीदारावर विश्वास कां ठेवावयाचा? तो हायडेलबर्गचा आहे म्हणून नव्हे. त्याच अर्बुदाचें जनुक निराळ्या रीतीनें वाचतां येतें, आणि जेथें जनुकांत तो बदल आहे तेथें तो बोलतो व जेथें नाहीं तेथें गप्प बसतो असें वारंवार ताडून पाहिलेलें आहे म्हणून.

आणि तरीहि या उत्तम साक्षीदाराच्या मौनाचा अर्थ लावतांना घात होऊं शकतो. १३२ व्या जागीं दर वेळीं हिस्टिडिनच येतें असें नाहीं. या अर्बुदांतील अशा बदलांपैकीं सुमारें नव्वद टक्के त्या प्रकारचे. उरलेल्यांत कोठें सिस्टीन येतें, कोठें सेरीन, कोठें ग्लायसीन. आणि कांहीं अर्बुदांत बदल या विकरांत नसून त्याच्या दुसऱ्या भावंडांत असतो. रोगाच्या दृष्टीनें हीं सर्व अर्बुदें एकाच वर्गांतलीं, पण त्यांच्यापुढें आपलें प्रतिपिंड मुकें. आतां तिशींतल्या एका बाईच्या अर्बुदाची चकती तपासावयास आली आणि कांचेवर रंग उमटला नाहीं, तर तपासणारानें काय लिहावें? ‘बदल नाहीं’ असें, कीं ‘हा एक बदल दिसला नाहीं’ असें? कुमारिलभट्टाच्या मीमांसकांनीं अभावाच्या ज्ञानासाठीं अनुपलब्धि हें निराळें प्रमाण मानलें. पण त्याला एक अट जोडली. वस्तु असती तर ती खचित दिसली असती, अशी परिस्थिति पाहिजे. भरदिवसा भुईवर घट दिसला नाहीं तर तेथें घट नाहीं. काळोख्या रात्रीं दिसला नाहीं तर त्यावरून कांहींच ठरत नाहीं. हिस्टिडिनाच्या बाबतींत हें प्रतिपिंड म्हणजे भर दुपार आहे, सिस्टिनाच्या बाबतींत अमावास्या. २०१६ च्या त्या वर्गीकरणानें हीच अट व्यवहारांत उतरविली. रोगी ५५ वर्षांचा किंवा अधिक वयाचा असेल, अर्बुद सर्वांत घातक रूपाचें असेल व पूर्वीं सौम्य अर्बुदाचा इतिहास नसेल, तर कांच कोरी राहिल्यावर पुढें शोध करण्याची गरज नाहीं, कारण त्या वयांत इतर बदल फार विरळा. त्याहून तरुण रोग्याच्या बाबतींत मात्र जनुक वाचल्याशिवाय ‘नाहीं’ म्हणूं नये. आम्हांस हा नियम फार आवडतो. त्यांत ज्ञानाची मर्यादा वयाच्या आंकड्यांत बांधली आहे, आणि आंकडा थोडा ओबडधोबड असला तरी त्याच्या मागें प्रामाणिकपणा आहे. जेथें जनुक वाचण्याचा खर्च झेपत नाहीं तेथें निदान अहवालांत ‘हा एक बदल दिसला नाहीं’ एवढें तरी लिहावें. दोनचार शब्द अधिक लिहिण्यास पैसा पडत नाहीं, आणि त्या शब्दांच्या आधारानें ती बाई उद्यां दुसऱ्या दारीं जाऊं शकते.

बाजारांतील बहुसंख्य साक्षीदार या कसाचे नाहींत. विकरांना भावंडें फार, आणि त्यांचे चेहरे एकमेकांशीं फार मिळतात. पायरुव्हेट कायनेझ हें साखर जाळण्याच्या मार्गावरील शेवटच्या टप्प्याचें विकर घ्या. त्याचे दोन प्रकार एकाच जनुकापासून होतात. दोहोंच्या माळा ५३१ मण्यांच्या, आणि फरक सगळा वीसबावीस मण्यांचा. अर्बुद होतांना पेशी पहिला प्रकार टाकून दुसरा धरते आणि त्यामुळें तिला वाढण्यास बळ येतें, असा सिद्धांत २००८ च्या सुमारास फार गाजला. २०११ सालीं दुसऱ्या एका संशोधकमंडळानें प्रतिपिंडांवर विसंबून न राहतां प्रथिनांचे तुकडे वस्तुमानावरून ओळखून मोजले. तेव्हां ज्या निरोगी ऊतींत पहिला प्रकार असेल अशी समजूत होती त्यांपैकीं कित्येकांत दुसराच प्रकार आधींपासून नांदत असलेला दिसला. या घोटाळ्याचें सर्व खापर प्रतिपिंडांच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. सुंदर सिद्धांताचा मोह हाहि त्यांत होताच. पण मोह आणि सैल साक्षीदार हे नेहमीं जोडीनें फिरतात, हें खरें.

आंकडेच पाहिजे असतील तर तेहि आहेत. स्वीडनमधील मानवी प्रथिनांचा नकाशा तयार करणाऱ्या मंडळींनीं बाजारांतलीं पांच हजारांहून अधिक प्रतिपिंडें आपल्या कसोटीला लावून पाहिलीं व २००८ सालीं प्रसिद्ध केलें कीं त्यांतलीं सुमारें निम्मींच कामाचीं निघालीं. २०१५ सालीं शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनीं सह्या करून ही बजबजपुरी थांबविण्याची मागणी केली. २०२३ सालीं माँट्रियल येथील संशोधकांच्या पुढाकारानें ६५ प्रथिनांसाठीं विकल्या जाणाऱ्या ६१४ प्रतिपिंडांची एकाच रीतीनें परीक्षा झाली. त्यांत, ज्या प्रथिनाचें नांव कुपीवर होतें त्याला मुळींच न ओळखणाऱ्या प्रतिपिंडाच्या आधारें लिहिलेले निबंध दर प्रथिनामागें सरासरीनें बारा आढळले. बारा निबंध म्हणजे बारा विद्यार्थ्यांचीं उमेदीचीं वर्षें, आणि त्या बारांवर भिस्त ठेवून पुढें चाललेले आणखी किती तरी. त्याच परीक्षेंतली दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. बहुसंख्य प्रथिनांसाठीं निदान एक तरी उत्तम प्रतिपिंड बाजारांत होतेंच. आणि विक्रेत्या कंपन्यांनीं स्वतः माल पुरवून, निकाल पाहिल्यावर, नापास झालेल्यांपैकीं सुमारें एक पंचमांश प्रतिपिंडें विक्रींतून काढलीं व सुमारें दोन पंचमांशांच्या शिफारशी बदलल्या. व्यापाऱ्यांनीं स्वतःच्या मालाविरुद्ध साक्ष ऐकून घेतली हें आम्हांस या सबंध प्रकरणांतील सर्वांत आशादायक वाटतें. दुर्दैव हें कीं चांगलें व वाईट प्रतिपिंड एकाच फळीवर, एकाच नांवानें, जवळजवळ एकाच किंमतीला शेजारीं शेजारीं उभें असतें.

तर मग संशोधकानें काय मानावें? या ठिकाणीं मीमांसक व नैयायिक यांचा एक जुना वाद आम्हांस पुन्हां पुन्हां आठवतो. मीमांसक म्हणतात, ज्ञान उत्पन्न होतांच तें प्रमाण असतें. बाध येईपर्यंत तें खरें मानावें. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचें प्रामाण्य बाहेरून ठरतें. त्या ज्ञानावर विसंबून केलेली प्रवृत्ति सफळ झाली म्हणजे तें खरें. पाणी दिसलें, गेलों, तहान भागली, म्हणून तें पाणी. मीमांसकांचा आक्षेप असा कीं, एका ज्ञानाला दुसऱ्याचा दाखला लागला तर दुसऱ्याला तिसऱ्याचा लागेल, आणि या अनवस्थेंत कोणालाच पाणी मिळणार नाहीं. व्यवहारांत आम्ही बहुतेक मीमांसकच असतों, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. रस्त्यावर वाट विचारली तर सांगणाराचा परवाना कोणी मागत नाहीं. प्रयोगशाळेंतील माणसानेंहि तराजू, क्षार, पाणी, तापमापक या प्रत्येकाचा दाखला मागितला तर त्याचा जन्म त्यांतच जाईल. कुपीवर नांव आहे, ज्येष्ठ सहकाऱ्यानें तीच कुपी वापरली आहे, छापील निबंधांत तिचा उल्लेख आहे. एवढ्यावर विश्वास ठेवणें हें स्वतःप्रामाण्याचें साधें उदाहरण म्हणून कोणी त्याचें समर्थन करील.

आमच्या मतें हें समर्थन येथें चालत नाहीं, आणि तें कां चालत नाहीं हें नीट पाहण्यासारखें आहे. मीमांसकांची सवलत बाध येईपर्यंतच होती; पण ती देतांना एक गोष्ट गृहीत होती, ती ही कीं, बाध येण्याची वाट मोकळी आहे. वाट चुकीची सांगितली असेल तर तासाभरांत पायांना कळतें. खोट्या प्रतिपिंडाचा खोटेपणा पायांना कळत नाहीं, कारण तें नेहमीं कांहींतरी दाखवितेंच. प्रथिनें आकारमानाप्रमाणें वेगळीं करून पटलावर उतरवून घेण्याची एक रीति १९७९ सालीं निघाली. सदर्न नांवाच्या शास्त्रज्ञानें १९७५ सालीं जनुकद्रव्यासाठीं काढलेल्या तशाच रीतीला त्याचें नांव पडलें होतें, म्हणून दक्षिणेवर कोटी करून हिला ‘वेस्टर्न’ म्हणतात. शास्त्रज्ञांच्या विनोदाची मजल साधारणतः येथवर जाते. त्या पटलावर काळी रेघ उमटली आणि ती अपेक्षित वजनाच्या आसपास असली कीं संशोधक समाधान पावतो. पण त्याच वजनाचीं दुसरीं शेंकडों प्रथिनें पेशींत असतात. नैयायिकांची कसोटीहि येथें त्याला फसविते, कारण तहान भागली असें त्याला वाटतें, आणि ती तहान रेघेची होती, विकराची नव्हतीच! इच्छेप्रमाणें उत्तर आलें यालाच प्रवृत्तीचें साफल्य मानलें कीं परतःप्रामाण्य हें स्वतःप्रामाण्याहूनहि अधिक धोक्याचें होतें, कारण त्याच्या अंगावर परीक्षेचा पोशाख असतो.

खरी उलटतपासणी एकच, आणि ती फार जुनी आहे. विकर आहे तेथें खूण उमटते हा अन्वय झाला. विकर नाहीं तेथें खूण उमटत नाहीं हा व्यतिरेक. बहुतेक संशोधक अन्वयावर थांबतात. व्यतिरेकासाठीं अशा पेशी लागतात कीं, ज्या बाकी सर्व बाबतींत तशाच आहेत, फक्त त्या एका विकराचें जनुक त्यांतून काढून टाकलेलें आहे. त्या पेशींवर तेंच प्रतिपिंड सोडावें. रेघ नाहींशी झाली तर साक्षीदार खरा. रेघ तशीच राहिली तर इतकी वर्षें तो कोणा दुसऱ्याचेंच नांव सांगत होता. पूर्वीं अशा पेशी मिळविणें दुर्घट होतें. २०१२ सालीं जनुक हवें तेथें कापण्याची क्रिस्पर नांवाची रीति निघाल्यापासून तें पुष्कळ सोपें झालें आहे. २०२३ ची ती मोठी परीक्षा याच मार्गानें झाली. कांहीं विकरें अशीं आहेत कीं, तीं काढलीं तर पेशीच जगत नाहीं. तेथें जनुकाचा आवाज कमी करून पाहणें, किंवा माळेच्या दुसऱ्या टोंकाला चिकटणारें निराळें प्रतिपिंड वापरून दोन साक्षी जुळतात का पाहणें, असे दुय्यम मार्ग घ्यावे लागतात. त्यांच्या तपशिलांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं.

१८७७ सालीं क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनें व डागडुजीस आलेलें. मालकाला शंका येते, पण दुरुस्तीचा खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो, आणि उतारूंनीं भरलेलें जहाज निश्चिंत मनानें हांकारतो. जहाज बुडतें. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, तें बुडलें नसतें तरीहि मालक तितकाच अपराधी होता, कारण पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्याचा अधिकारच त्याला नव्हता. याला १८९६ सालीं विल्यम जेम्स यानें उत्तर दिलें. पुराव्यासाठीं थांबून राहिल्यानेंहि माणूस कित्येक सत्यांना मुकतो, असा त्याचा रोख होता. सामान्य जीवनांत आम्ही जेम्सच्या बाजूला झुकतों. मैत्री, विवाह, देशसेवा यांचा आरंभ पुरावे गोळा करून होत नसतो. परंतु जेम्सनें जी जोखीम पत्करण्यास सांगितलें ती स्वतःची. प्रयोगशाळेंतील जोखीम दुसऱ्याची असते. चुकीच्या रेघेवर निबंध छापून आला तर संशोधकाला पदवी मिळते, कदाचित् बढतीहि मिळते. भुर्दंड पडतो तो दूरच्या शहरांतल्या एखाद्या विद्यार्थ्याला, ज्याला तो प्रयोग साधत नाहीं व जो आपल्याच हाताला दोष देत बसतो. किंवा वर सांगितलेल्या बाईसारख्या कोणाला तरी. जेथें विश्वासाचा लाभ आपल्याकडे व तोटा परक्याकडे जातो, तेथें क्लिफर्डचा कठोरपणा आम्हांस योग्य वाटतो.

पण यावर एक उत्तर आहे, आणि तें झटकून टाकण्यासारखें नाहीं. लहान गांवच्या विद्यापीठांतला विद्यार्थी, शिष्यवृत्तीचें शेवटचें वर्ष, सबंध वर्षाच्या अनुदानांत एकच कुपी बसते. तो व्यतिरेकाच्या पेशी आणणार कोठून? श्रीमंत प्रयोगशाळांनीं घालून दिलेला नियम गरिबाला संशोधनांतूनच हद्दपार करणारा ठरूं शकतो. आमचें म्हणणें असें कीं, येथें कर्तव्य बदलत नाहीं, त्याचें स्वरूप बदलतें. पेशी आणणें त्याला शक्य नसेल. पण कोणत्या कंपनीची कोणत्या क्रमांकाची कुपी वापरली, सबंध पटल कसें दिसलें, कोणत्या रेघा कापून चित्र छापलें, व कोणती परीक्षा केली नाहीं, हें लिहिणें त्याला शक्य आहे. लबाडी आणि अपुरेपणा यांच्यामधली सीमा याच ठिकाणीं आहे. अपुरेपणा सांगितला तर पुढचा माणूस तो भरून काढतो. हें सांगितल्यावर मासिकांचे संपादक निबंध परत पाठवितात, असें कोणी म्हणेल, आणि तें पुष्कळदां खरेंहि असतें. मग तो दोष संपादकांकडे जातो, आणि त्यांच्याजवळ तर दारिद्र्याची सबब नसते.

शेवटीं ज्यांच्या रक्तांतून ही साक्ष निघते त्या प्राण्यांविषयीं बोलणें राहिलें. ससे, उंदीर, बकऱ्या, घोडे. २०१६ सालीं प्रतिपिंडें विकणाऱ्या अमेरिकेंतील एका मोठ्या कंपनीला, बकऱ्या व ससे यांच्या हेळसांडीच्या सरकारी तक्रारींची तडजोड करतांना ३५ लक्ष डॉलर दंड भरावा लागला व आपला परवाना गमवावा लागला. अशा वेळीं कंपनीला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. पण ज्यानें तिची कुपी घेतली, ती न पारखतां वापरली, व निकाल हाताशीं लागतांच उरलेले थेंब शीतपेटींत विसरून गेला, त्याच्या हिशेबीं त्या सशाचें रक्त कोणत्या खात्यावर लिहावयाचें? सशाच्या वेदनेनें मनुष्याच्या ज्ञानांत भर पडते, म्हणून ती सह्य मानावी, हा युक्तिवाद मान्य असलेल्यानेंहि आधीं ज्ञानांत भर पडली हें दाखविलें पाहिजे. आतां दुसरा मार्गहि मोकळा झाला आहे. प्रतिपिंड हेंहि एक प्रथिन. त्याची अक्षरमाला एकदां वाचली कीं तें भांड्यांत वाढविलेल्या पेशींकडून, प्राण्याला पुन्हां न टोचतां, वर्षानुवर्षें जसेंच्या तसें करून घेतां येतें. सशाचा रक्तद्रव ससा मेला कीं संपतो, आणि दुसऱ्या सशाचा त्याच्यासारखा नसतो; अक्षरमाला संपत नाहीं. २०२३ च्या परीक्षेंतहि अशा रीतीनें केलेलीं प्रतिपिंडें इतरांपेक्षां सरस ठरलीं, आणि त्यापूर्वीं २०२० सालीं युरोपीय संघाच्या संबंधित प्रयोगशाळेनें प्राण्यांविना मिळविलेल्या प्रतिपिंडांकडे वळण्याची शिफारस केली होती.

अडचण एवढीच कीं, ही अक्षरमाला बहुतेक विक्रेते व्यापारी गुपित म्हणून जपून ठेवतात. कोह्लर व मिलस्टाइन यांच्या युक्तीचें पेटंट १९७५ सालीं घेतलें गेलें नाहीं. ती सगळ्या जगानें फुकट वापरली, आणि आजचा हा बाजार तिच्यावरच उभा आहे. त्या बाजारांत साक्षीदाराचें नांव विकत मिळतें, पत्ता मिळत नाहीं. कुपीवर अक्षरमाला छापण्याइतकी जागा नसते हें आम्हांस मान्य आहे. पण कुपीबरोबर येणाऱ्या कागदाची मागची बाजू बहुधा कोरीच असते.